शंभर फॉरवर्ड, साक्षीदार एकच

गेल्या लोकसभेच्या मतदानाची आदली रात्र, ६ मे २०२४. आमच्या घरात एकच मेसेज सहा वेळा येऊन पडला. भावकीचा ग्रुप, गणेशोत्सव मंडळाचा, दहावीच्या बॅचचा, दूध डेअरीचा, बहिणीच्या स्त्रीशक्ती संघाचा आणि काकींच्या भजनी मंडळाचा. एका उमेदवाराने ऐनवेळी माघार घेतली, दुसऱ्याला पाठिंबा दिला, आपल्या माणसांना कळवा, असा मजकूर. काकी म्हणाल्या, "सहा ठिकाणांहून आलंय म्हणजे खरंच असणार की."

मी सहाही मेसेज एकाखाली एक ठेवून बघितले. सहाही ठिकाणी 'पाठींबा' असा ठी दीर्घ होता. सहाही ठिकाणी तारखेच्या आधी दोन स्वल्पविराम पडले होते. सहा माणसांनी सहा वेळा पाहून सांगितलेली ही गोष्ट नव्हती. कुणीतरी एकाने लिहिलं होतं आणि बाकीच्यांनी फक्त पुढे ढकललं होतं.

खरं शोधायला पाच मिनिटं लागली. अर्ज मागे घ्यायची मुदत संपली की निवडणूक अधिकारी लढतीतल्या उमेदवारांची शेवटची यादी काढतो. तिला नमुना ७-अ म्हणतात. त्यानंतर कायद्याने माघार नाही, नाव मतदान यंत्रावर राहतंच. पाठिंब्याची घोषणा कुणी करू शकतो, पण त्या उमेदवाराने त्याच संध्याकाळी मतं मागणारा व्हिडिओ टाकला होता. पाच मिनिटांचं काम, पण ते करायला त्या रात्री किती घरांत कुणाला सुचलं असेल? आमच्या भागात थोड्या मतांनी निकाल फिरतात. २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत जिंकणारा आणि हरणारा यांच्यात अंतर होतं ५,२४० मतांचं.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. लोकांनी मिळून लिहायची, मिळून तपासायची जी ऑनलाइन माध्यमं आहेत, म्हणजे विकिपीडिया, सामायिक तक्ते (अनेकांनी मिळून भरायची ऑनलाइन शीट), पोस्टखाली वाचकांनी जोडलेल्या टिपा, त्यांनी मतदाराच्या हातात खरोखर चांगली माहिती येते का? की चारचौघांनी मिळून केलेला गोंधळच मोठा होतो? माझं उत्तर 'येते' असं आहे, पण ते एका अटीवर. ती अट कळण्यासाठी आधी काकींचा हिशोब तपासू.

काकींचं म्हणणं भाबडं नाही. त्यामागे अडीचशे वर्षांच्या आसपास जुनं गणित आहे. काँदोर्से नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १७८५ मध्ये ते मांडलं. समजा, हो की नाही अशा एखाद्या प्रश्नावर प्रत्येक माणूस दहापैकी सहा वेळा बरोबर असतो. एकट्यावर विसंबलात तर बरोबर असण्याची शक्यता ६० टक्के. तिघांना वेगवेगळं विचारून बहुमत धरलंत तर ती जवळपास ६५ होते. अकरा जणांना विचारलंत तर ७५. एकशे एक जणांना विचारलंत तर ९८ च्या घरात जाते. कुणीही तज्ज्ञ नाही, सगळे आपल्यासारखेच, तरी एकत्र येऊन जवळजवळ अचूक. लोकशाहीच्या बाजूने इतका सुंदर पुरावा मला दुसरा माहीत नाही.

पण त्या गणिताला दोन खुंट्या आहेत. पहिली, प्रत्येकाने आपलं डोकं स्वतंत्र चालवलेलं असलं पाहिजे. परीक्षेत एकाची बघून शंभर जणांनी उत्तरं लिहिली तर तपासणाऱ्याच्या हातात एकशे एक पेपर असतात, पण उत्तर एकच असतं, आणि शक्यता तिथेच, ६० वर अडून राहते. दुसरी खुंटी जास्त भीतीची आहे. माणसं बरोबर असण्यापेक्षा चुकीची असण्याचीच शक्यता जास्त असेल, समजा दहापैकी चारच वेळा बरोबर, तर संख्या वाढवल्याने चूक पक्की होते. तशा एकशे एक जणांचं बहुमत बरोबर निघण्याची शक्यता उरते २ टक्के.

फॉरवर्डमध्ये पहिली खुंटी निखळते. खोटी बातमी पेरलेली असेल तर दुसरीही. व्हॉट्सअॅपने २०१८ मध्ये भारतात एकावेळी पाच चॅटपुरती मर्यादा घातली आणि २०२० मध्ये खूप फिरलेला मेसेज एकावेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं. वेग थोडा मंदावला. पण मूळ अडचण तशीच राहिली. मेसेज कुठून निघाला ते दिसत नाही, त्याच्यावर दुरुस्ती लिहायला जागा नाही, आणि एका ग्रुपमध्ये कुणी खोडून काढला तरी बाकीच्या पाच ग्रुपांत तो जसाच्या तसा जिवंत असतो.

म्हणजे नुसती पुष्कळ माणसं जमून भागत नाही. त्यांनी वेगवेगळं बघितलेलं असावं लागतं, आणि काय बघितलं ते दुसऱ्याला तपासता यावं लागतं. माझी अट हीच.

खानापूरचा मतदार आणि कारवारचा कागद

आता आमची जागा सांगतो, म्हणजे इथे हे का अडतं ते कळेल. बेळगाव जिल्ह्यात विधानसभेचे १८ मतदारसंघ आहेत. निपाणीपासून रामदुर्गपर्यंत. पण लोकसभेला जिल्हा तीन ठिकाणी वाटला जातो. बेळगाव, चिकोडी, आणि खानापूर व कित्तूर हे दोन विधानसभा मतदारसंघ जातात उत्तर कन्नडमध्ये. हल्याळ, यल्लापूर, शिरसी, कुमठा, भटकळ आणि कारवार यांच्याबरोबर. खानापूरचा माणूस दवाखान्याला, कोर्टाला, बाजाराला बेळगावला जातो. वर्तमानपत्र बेळगावचं वाचतो, पिढ्यानपिढ्यांची ती सवय आहे. पण त्याच्या खासदारकीचा अर्ज भरला जातो घाटाखाली कारवारला, आणि तिकडच्या प्रचाराच्या बातम्या येतात कन्नड दैनिकांत. उमेदवार एक, मतदार दोन भाषांचे, आणि एका बाजूला काय चाललंय ते दुसऱ्या बाजूला अर्धंच कळतं.

मराठी मतदाराचं हे अर्धवट कळणं जुनं आहे. सरकारी कागद मराठीतून मिळावेत ही सीमाभागातली मागणी अनेक वर्षांची. घटनेच्या ३५०-ब कलमाखाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्तसुद्धा आहे. तो लढा चालू राहावा, माझी त्याला मनापासून साथ आहे. पण निवडणूक आपल्यासाठी थांबत नाही, आणि कागद तर समोर पडलेला असतो.

कोणता कागद? उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र, नमुना २६. हा कागद आपल्याला सहज मिळालेला नाही. अहमदाबादच्या आयआयएममधल्या प्राध्यापकांनी १९९९ मध्ये एडीआर ही संस्था काढली आणि कोर्टात गेले. २ मे २००२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की उमेदवारावरचे गुन्हे, त्याची मालमत्ता, देणी आणि शिक्षण जाणून घेणं हा मतदाराचा हक्क आहे. संसदेने कायदा बदलून त्याला बांध घातला, तो बांध १३ मार्च २००३ ला कोर्टाने काढून टाकला. २०१३ मध्ये आणखी एक निकाल आला: रकाने कोरे ठेवता येणार नाहीत. काही नसेल तर 'नाही', लागू नसेल तर 'लागू नाही', ठाऊक नसेल तर 'माहीत नाही' असं लिहावंच लागेल, नाहीतर अर्ज नाकारला जाऊ शकतो. आता हे सगळे कागद निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही उघडता येतात.

उघडता येतात, पण कोण उघडतो? एकेका उमेदवाराचे वीस-पंचवीस पानी स्कॅन. कधी इंग्रजी, कधी कन्नड, मधेच नोटरीचा शिक्का आकड्यावर बसलेला. अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्सने १९५७ मध्येच हे ओळखलं होतं: माझ्या एका मताने निकाल फिरण्याची शक्यता इतकी कमी, की माहिती गोळा करण्यात चार दिवस घालवणं एकट्या मतदाराला परवडत नाही. तो आळशी नसतो, हिशोबी असतो. १९९६ मध्ये सीमाप्रश्नाकडे दिल्लीचं लक्ष वेधण्यासाठी बेळगाव लोकसभेला आमच्या लोकांनी अर्जांचा पाऊस पाडला आणि रिंगणात ४५६ उमेदवार उभे राहिले. ते आंदोलन होतं आणि त्याची नोंद देशाने घेतली. त्याच वर्षी लोकसभेची अनामत रक्कम ५०० वरून १०,००० रुपयांवर गेली. तेव्हा प्रतिज्ञापत्रं असती तर ४५६ जणांची कुणी वाचली असती?

डाउन्सच्या हिशोबाला उत्तर एकच आहे. ओझं वाटून घ्यायचं. पंधरा उमेदवार असतील तर पंधरा माणसांनी एकेक कागद वाचायचा, आणि वाचलेलं सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवायचं. एकाने खर्च केलेला दीड तास हजारोंच्या कामी येतो. मिळून चालवायच्या माध्यमाची खरी ताकद ही आहे. लोक मतं मांडतात म्हणून ते उपयोगी नाही, लोक कंटाळवाणं काम वाटून घेतात म्हणून आहे.

भारतात हे घडलेलं आहे. कोविडच्या काळात कोविड१९इंडिया डॉट ओआरजी या संकेतस्थळामागे स्वयंसेवक होते. राज्यांची पत्रकं वाचून रोजचे जिल्हावार आकडे ते भरत होते, मार्च २०२० पासून ऑक्टोबर २०२१ अखेरपर्यंत. निवडणूक रोख्यांचंही तसंच. १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ती योजना रद्द केली. मार्चमध्ये दोन वेगळ्या याद्या जाहीर झाल्या, एक रोखे घेणाऱ्यांची, एक वटवणाऱ्या पक्षांची. दोन्हींना जोडणारे क्रमांक २१ मार्चला आले आणि मग पत्रकारांनी, संगणक येणाऱ्या पोरांनी, कॉलेजच्या मुलामुलींनी कोणाचा रोखा कोणत्या पक्षाकडे गेला ते जुळवून दाखवलं. सरकारी पीडीएफ तीच होती. माणसं जास्त लागली, एवढंच.

साल म्हणजे कर्ज

आम्हीही २०२४ मध्ये छोटंसं केलं. सात-आठ जण, एक सामायिक तक्ता, एकेक उमेदवार वाटून घेतलेला. आमच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मी, काकी आणि शेजारच्या अक्का बसलो. अक्का कन्नड शाळेत शिकवून निवृत्त झाल्यात. कागद कन्नडमध्ये होता. काकींना कन्नड बोलता येतं, अक्षर लावून लावून वाचता येतं. त्या एका रकान्यावर थांबल्या. "अक्का, हे 'साल' लिहिलंय, पण वर्ष कुठं आहे?"

"अहो, साल म्हणजे आमच्यात कर्ज."

काकी गप्प झाल्या. मग त्यांनी बोट ठेवून सगळी ओळ परत वाचून घेतली, आकडा मोठ्याने म्हणून. ज्याच्यापुढे वर्ष शोधत होत्या तिथे बँकेचं मोठं कर्ज होतं.

असे शब्द एक-दोन नाहीत. कन्नडमध्ये 'प्रमाणपत्र' म्हणजे शपथेवरचा कागदसुद्धा, कारण 'प्रमाण' म्हणजे शपथ. आपण दाखला समजून पुढे जातो. 'चर आस्ति' म्हणजे आपली जंगम मालमत्ता आणि 'स्थिर आस्ति' म्हणजे स्थावर. 'अन्वयिसुवुदिल्ल' म्हणजे लागू नाही, 'गोत्तिल्ल' म्हणजे माहीत नाही. कोर्टाने सांगितलेला तो फरक इथे दिसतो. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या मालमत्तेपुढे 'लागू नाही' लिहिलंय की 'माहीत नाही', यात बराच अर्थ आहे.

जमिनीच्या रकान्यात तर आमच्याकडून चूकच झाली होती. कागदावर '३-२०' होतं. आमच्यातल्या पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मुलाने तक्त्यात ३.२० एकर भरलं. अक्कांनी हात धरला. ३-२० म्हणजे तीन एकर वीस गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे ते झाले साडेतीन. ज्याने आयुष्यात एकदा तरी उतारा काढलाय त्याला हे सांगावं लागत नाही, पण तक्ता भरणाऱ्याला ठाऊक नव्हतं. एकट्याने भरला असता तर ती चूक तशीच सगळीकडे गेली असती.

सगळ्यात जास्त वेळ गेला गुन्ह्यांच्या पानावर, आणि माझ्या मते सीमाभागात सगळ्यात काळजीने वाचायचं पान तेच आहे. "अमक्यावर बारा गुन्हे" असा मेसेज फिरतो. आकडा खरा असतो आणि तरी तो मतदाराला फसवतो. इथे मोर्चे, निदर्शनं, काळा दिन, बंद यांत गेलेल्या माणसांवर गुन्हे दाखल होतात. मराठी कार्यकर्त्यांवर होतात, कन्नड संघटनांच्या कार्यकर्त्यांवरही होतात. जुन्या भारतीय दंड विधानातलं कलम १४३ बेकायदा जमावाचं, १४७ दंगलीचं, ४२० फसवणुकीचं, ३०२ खुनाचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि क्रमांक बदलले, त्यामुळे पुढच्या निवडणुकीत एकाच कागदावर दोन्ही कायद्यांची कलमं दिसतील. एखाद्याची बाराच्या बारा प्रकरणं १४३ आणि १४७ ची असू शकतात. दुसऱ्याचं एकच असेल, पण ४२० चं, आणि त्यात कोर्टाने आरोप निश्चित केलेले. नमुना २६ मध्ये हे सगळं वेगवेगळं लिहावं लागतं: एफआयआर क्रमांक, कलम, कोर्ट, आरोप निश्चित झाले की नाही, आणि शिक्षा झाली असेल तर तो रकाना स्वतंत्र. मोर्चाच्या गुन्ह्यांना किती वजन द्यायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. पण कलम समोर नसताना नुसता बाराचा आकडा सांगणं ही माहिती नव्हे, ती चिथावणी आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. प्रतिज्ञापत्र म्हणजे उमेदवाराने स्वतः शपथेवर सांगितलेलं. अर्ज घेणारा अधिकारी त्याची जमीन मोजायला जात नाही. खोटं लिहिलं, लपवलं तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२५-अ कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. म्हणून आमच्या तक्त्यात 'त्यांच्याकडे इतकं आहे' असं आम्ही लिहिलं नाही. 'इतकं आहे असं त्यांनी पान क्रमांक अमुकवर लिहिलंय' असं लिहिलं. वाक्य लांबतं, पण तेवढंच आपल्याला छातीवर हात ठेवून म्हणता येतं.

भांडणारी माणसं एकाच पानावर

आता विकिपीडियाकडे येऊ. तो १५ जानेवारी २००१ ला सुरू झाला, मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला. कुणीही लिहावं हे सगळ्यांना ठाऊक असतं. कमी लोकांना ठाऊक असतं ते वरच्या 'इतिहास' आणि 'चर्चा' या दोन कळांबद्दल. 'इतिहास' दाबला की कोणत्या खात्याने कोणत्या दिवशी कोणता शब्द बदलला ते सगळं उलगडतं. अमेरिकेत २००६ मध्ये असंच उघड झालं की तिथल्या लोकप्रतिनिधींच्या कचेरीतली माणसंच साहेबांच्या पानावरची अडचणीची वाक्यं काढत होती. खोडणारे सापडले, कारण खोडल्याची खूण राहते. फॉरवर्डला ही खूणच नसते.

दुसरा नियम म्हणजे वाक्याला आधार हवा आणि भूमिका तटस्थ हवी. हे ऐकायला सोपं वाटतं, पण बेळगावात नावापासून सुरुवात होते. 'बेळगाव' म्हणायचं की 'बेळगावी'? दोन बाजूंची माणसं एकमेकांचा शब्द खोडत बसली तर पहाट होईल. पण "१ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटक सरकारने शहराचं अधिकृत नाव बेळगावी केलं, मराठीत बेळगाव हे नाव रूढ आहे" हे वाक्य दोघांनाही खोडता येत नाही. सीमाप्रश्नाचंही तसंच. "हा भाग आमचा" हे माझ्या मनातलं वाक्य आहे, मी ते मोर्चात म्हणेन. पानावर मात्र "महाराष्ट्राने २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात दावा दाखल केला" हे बसतं. महाराष्ट्राचा हक्क किती गावांवर, याला कुठे ८१४ लिहिलेलं सापडतं आणि डिसेंबर २०२२ च्या महाराष्ट्र विधिमंडळाच्या ठरावात ८६५ आहे. माणसं यावरून वाद घालतात. दोन्ही आकड्यांपुढे आपापला कागद लावला की वाद मिटतो आणि वाचणाऱ्याला काहीतरी नवीन कळतं.

मला सगळ्यात आशा देणारी गोष्ट ही आहे. २०१९ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांचा सहभाग असलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. इंग्रजी विकिपीडियावरच्या संपादकांचा राजकीय कल त्यांच्या लेखनावरून काढून त्यांनी तपासलं की कोणते लेख जास्त चांगले होतात. एकाच मताच्या माणसांनी लिहिलेले लेख मागे पडले. दोन्ही टोकांची माणसं ज्यावर भांडली ते लेख सरस निघाले. चर्चेच्या पानावर त्यांचं जास्त वाजलं होतं, पण त्यामुळेच त्यांना आधार शोधावे लागले आणि नियमांचा आसरा घ्यावा लागला. आमच्या टेबलावर अक्का नसत्या तर 'साल' म्हणजे वर्षच राहिलं असतं. सीमाभागात दोन बाजू आहेत, याकडे आपण नेहमी दुखणं म्हणून बघतो. माहिती तपासण्याच्या कामात ते भांडवल आहे.

हाच विचार एक्सवरच्या (म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवरच्या) 'कम्युनिटी नोट्स'मध्ये आहे. ही सोय २०२१ मध्ये अमेरिकेत वेगळ्या नावाने सुरू झाली आणि एप्रिल २०२४ मध्ये भारतात आली. एखाद्या फसव्या पोस्टखाली वाचक टीप लिहितात. ती टीप नुसत्या बहुमताने दिसत नाही. एरवी ज्यांचं एकमेकांशी पटत नाही अशा दोन्हीकडच्या माणसांनी ती उपयोगी म्हटली तरच सगळ्यांना दिसते. दहा हजार समर्थकांना एका बाजूने रेटून ती वर आणता येत नाही. तिची कमजोरीही तिथेच आहे. दोन्ही बाजू कशावरच एक झाल्या नाहीत तर टीप बाहेर येतच नाही, आणि आली तरी पुष्कळदा पोस्ट गावभर फिरून आल्यावर येते. मतदानाच्या आदल्या रात्री उशिरा आलेली दुरुस्ती म्हणजे वरात गेल्यावर वाजलेला बँड.

बंद ग्रुपांतल्या फॉरवर्डसाठी मला तैवानची वाट जवळची वाटते. तिथे लाइन नावाचं अॅप आपल्या व्हॉट्सअॅपसारखं घरोघरी आहे. कोफॅक्ट्स हा स्वयंसेवकांचा प्रकल्प २०१६ पासून तिथे चालतो. आलेला मेसेज त्यांच्या खात्याला पुढे पाठवायचा. तो आधी कुणी तपासला असेल तर उत्तर लगेच येतं, नसेल तर रांगेत लागतो आणि कुणीतरी स्वयंसेवक आधार शोधून उत्तर लिहितो. एकदा लिहिलेलं उत्तर पुढच्या प्रत्येकाला मिळतं. काकींना विकिपीडिया उघडायला लावणं कठीण, पण मेसेज पुढे पाठवणं त्यांना उत्तम येतं. त्याच सवयीचा उपयोग केलेला आहे.

आता जिथे हे अडतं ते. वरचा अभ्यास इंग्रजी विकिपीडियाचा, जिथे एका वादग्रस्त पानावर शेकडो हात असतात. आमच्या आमदारांची मराठी पानं बघा, बरीचशी दोन-चार ओळींची, आणि ती एखाद्याच माणसाने लिहिलेली. जिथे गर्दीच नाही तिथे गर्दीचं शहाणपण कुठून येणार? दोन माणसांच्या पानावर एक कार्यकर्ता बसला की पान त्याचं होतं. त्यामुळे इथे संख्येची वाट न बघता शिस्त लावावी लागते. आमच्या तक्त्यात आम्ही एकच कडक नियम ठेवला: प्रत्येक खण दोघांनी बघायचा, एक मराठी वाचणारा, एक कन्नड वाचणारा, आणि पान क्रमांक लिहिल्याशिवाय खण भरायचा नाही. मतं, टोमणे, अंदाज सगळं वेगळ्या पानावर. चूक निघाली तर जुना आकडा पुसायचा नाही, त्याच्यापुढे नवा आणि तारीख लिहायची.

कोण गैरहजर आहे हेही बघावं लागतं. आमच्या सात-आठ जणांत पाच पुरुष होते आणि सगळे चाळिशीच्या आत-बाहेरचे. त्यामुळे कर्ज, जमीन, गुन्हे यांचे रकाने लगेच सुचले. अंगणवाडी आणि नळाचं पाणी काकींनी काढलं, आणि त्यासाठी प्रतिज्ञापत्र पुरलं नाही. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तर, कर्नाटकात ती पक्षचिन्हावर नसते, ऑनलाइन जवळजवळ काही सापडत नाही. तिथे अजून कट्ट्यावरची माहितीच चालते.

आणि काही गोष्टी कागदात मुळात नसतातच. खासदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला पाच कोटी रुपयांची कामं सुचवता येतात. ती कामं पोर्टलवर दिसतात. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधात, म्हणजे इथल्या विधानभवनात, अधिवेशन भरतं तेव्हा आमदारांनी विचारलेले प्रश्न कन्नडमध्ये नोंदले जातात, ते वाचून मराठीत आणणं हे तीन-चार अक्कांचं आठवड्याचं काम आहे. पण काम झालं की नाही हे बातमीदाराने किंवा गावातल्या माणसाने चालत जाऊनच बघावं लागतं. वर्तमानपत्रांची जागा हे तक्ते घेऊ शकत नाहीत. उलट चांगला बातमीदार नसेल तर तक्त्याला जोडायला आधारच मिळत नाही.

आमचा तक्ता मतदानानंतर आम्ही बंद केला नाही. त्यात आता नवं पान आहे, पोर्टलवर दिसणाऱ्या कामांचं. एका गावच्या समुदाय भवनाच्या ओळीत 'पूर्ण' लिहिलेलं होतं. अक्कांनी त्यापुढे टीप टाकली: "पोर्टल पूर्ण म्हणतंय. कुणी पाहिलंय काय?" दोन दिवस तो खण तसाच होता. तिसऱ्या दिवशी, डेअरीच्या ग्रुपमधून ज्याने तो माघारीचा मेसेज आमच्या घरी पाठवला होता, त्याच पोराने खाली लिहिलं: "रविवारी दूध घालून जातो. फोटो आणतो."